आवळलेला नट

इंद्रभान अवसरमोल एसटीच्या आगारात बत्तीस वर्षं मेकॅनिक होते, आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांनी एकच गोष्ट जिवापाड सांभाळली. गाडीखाली थेंब पडता कामा नये. ऑइलचा नाही, डिझेलचा नाही, साध्या पाण्याचाही नाही. दुरुस्त केलेली गाडी उभी करायची, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरायचं आणि तासाभरानं ते उचलून उजेडात धरायचं. कागदावर डाग दिसला की त्या दिवशी हे गृहस्थ कोणाशी धड बोलायचे नाहीत.

रिटायर होऊन लोणारजवळच्या बीबी या आपल्या गावी आले तरी खोड गेली नाही. घरातले नळ आवळून झाले, मग शेजारच्या मनकर्णाबाईंचे, मग विहाराच्या टाकीचा व्हॉल्व्ह. कोणी बोलावलेलं नसायचं. हातात पाना घेऊन हे दारात उभे, आणि ‘ठिबकून राह्यलं तुमचं’ एवढं बोलून थेट आत. त्यांची बायको बनाबाई म्हणायची, एक दिवस हे मलाही कुठून तरी आवळून ठेवतील.

समता ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरवरची नोकरी, मलकापूरचा देवानंद हा तसाच नोकरदार नवरा, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, सगळं रांगेत चाललेलं. तीन वर्षांपूर्वी या दोघांनी तो फ्लॅट विकला आणि शिडाची एक जुनी बोट घेतली. हौसेनं फिरायला नव्हे, राहायला. नांगर टाकायचा, लॅपटॉप उघडून काम करायचं, कंटाळा आला की शीड चढवून पुढच्या गावाला जायचं. ‘पोरगी कुठं असते?’ असं कोणी विचारलं की इंद्रभान ‘पाण्यावर’ म्हणायचे. बीबीत पाणी म्हणजे विहीर, बोअर, नाही तर लोणारचं सरोवर, त्यामुळे ज्यानं त्यानं आपापल्या परीनं अर्थ लावून घेतला होता.

फोन आला की त्यात बोटीचं काय बिघडलं याचीच जंत्री असायची. आज पंप, उद्या शिडाची शिवण, परवा संडासाचा नळ. समता सगळं स्वतः दुरुस्त करायची, भर समुद्रातसुद्धा, आणि अडलं की बापाला विचारायची. असा फोन आला की इंद्रभान उठून उभे राहून बोलायचे. त्यांच्या तोंडावरचा तो आनंद पाहायला बनाबाई स्वयंपाकघरातून बाहेर यायची.

जानेवारीच्या शेवटी दोघं पहिल्यांदा बोटीवर गेले. बोट गोव्यात एका नदीच्या मुखाशी नांगरलेली होती. लांबीला एसटीच्या गाडीपेक्षा चार फूट कमी, हे इंद्रभाननी पावलं टाकून आधी मोजून घेतलं. बनाबाई पहिला दिवसभर काठावरच बसून राहिली. पाण्यात हलणाऱ्या घरात पाय ठेवणार नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी मुलीनं हात धरून नेली तेव्हा गेली. इंद्रभान मात्र पहिल्याच दुपारी जेवून मागच्या बाकावर आडवे झाले आणि त्यांच्या कानावर आवाज आला. टप्. जरा थांबून पुन्हा, टप्.

त्यांनी बाकाची फळी उचलली. इंजिनाचा लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, तिथून बोटीच्या पोटातून बाहेर जात होता आणि पलीकडे पाण्यात पंखा फिरवत होता. दांडा जिथून बाहेर जातो तिथं हाताच्या मुठीएवढा पितळी नट. त्या नटातून समुद्र थेंब थेंब आत येत होता. बोटीत समुद्र शिरतोय आणि पोरं पलीकडे बसून भजी खातायत. दोन दिवस त्यांनी कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी तिघंजण बाजारात गेले तशी त्यांनी समताच्या पेटीतले दोन मोठे पाने काढले आणि नट आवळला. सव्वादोन फेरे, हात दुखेपर्यंत. खाली वर्तमानपत्र अंथरलं. संध्याकाळी काढून पाहिलं तर कागद खडखडीत कोरडा.

कोणाला बोलले नाहीत. जावयाची बोट, न विचारता हात लावलेला, आणि शिवाय एक भाबडी हौसही होती, की पोरांना आपण होऊन कळावं. बीबीला परतल्यावर मात्र ही तोंडबंदी टिकली नाही. रामराव शेळक्यांच्या मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात बसून त्यांनी येईल त्याला सांगितलं, की पोरीच्या जहाजाला गळती होती, इंजिनिअर लोकांना सापडली नाही, आपण सव्वादोन फेऱ्यांत बंद केली. जहाज हा शब्द त्यांचाच.

नट आवळला त्याला अठरा दिवस झाले होते. फेब्रुवारीतली दुपार, बाराचा सुमार. इंद्रभान रामरावांच्या दुकानात नेहमीच्या स्टुलावर बसले होते. तेवढ्यात अन्नपूर्णाबाई ऑटोतून आपला पंप घेऊन आल्या. आठ एकर गहू-हरभरा एकटीनं सांभाळणारी खमकी बाई. तक्रार एकच, की पंपातून पाणी उडत होतं म्हणून गेल्या आठवड्यात नट आवळला, आणि आता तर धारच लागली.

रामरावांनी पंप खोलला. नटाच्या आतून त्यांनी काळं, कुसकरलेलं काहीतरी बोटानं उकरून काढलं. सुताची, ग्रीस लावलेली दोरी असते आत, शाफ्टभोवती गुंडाळलेली. तिचा कोळसा झाला होता. मग त्यांनी शाफ्ट पुसून बाईंसमोर धरला. त्यावर नखानं कोरावं तशा गोल रेघा पडल्या होत्या.

“तुमाले कोनं सांगतलं एवढा आवळाले?” रामराव म्हणाले. “थेंब पडू द्या लागते, बाई. त्या थेंबानंच दोरी थंड राह्यते. थेंब बंद केला का दोरी जळते, शाफ्ट घासते, आन मंग थेंब नाई, नळ सुटल्यावानी पानी येते.”

इंद्रभाननी शाफ्ट हातात घेतला. रेघांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकत होतं. बसच्या इंजिनात बत्तीस वर्षं त्यांचे हात कोपरापर्यंत बुडाले होते, पण जिनं ठिबकायलाच हवं अशी वस्तू त्यांच्या हाताखालून कधी गेली नव्हती. आगारात ठिबकणं म्हणजे पाप. रामराव पुढं काही बोलत होते, ते त्यांना ऐकूच आलं नाही.

खिशातून फोन काढून त्यांनी समताचा सकाळचा मेसेज पुन्हा वाचला. ‘काल सकाळी गोवा सोडलं. वारा अजिबात नाही. कालपासून इंजिनवरच चाललोय. सगळं छान आहे.’ सकाळी हा मेसेज वाचून ते हसले होते. आता त्यातला ‘कालपासून’ हा एकच शब्द दिसत होता. चोवीस तासांवर शाफ्ट फिरत होता, कोरडा.

त्यांनी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच. रामरावांना काही न सांगता ते उठले, चप्पल घालायची विसरले, अर्ध्या रस्त्यातून परत येऊन चप्पल घातली आणि घराकडे निघाले. ऊन चांगलंच तापलं होतं. चालता चालता ते मनाशी हिशेब मांडत होते, की अन्नपूर्णाबाईंचा पंप आठवडाभर चालला, पण रोज दोन-तीन तासच. म्हणजे सगळे मिळून किती तास? उत्तर चोवीसच्या आसपास येऊ लागलं तसा त्यांनी हिशेब सोडून दिला.

घरी बनाबाई तूर पाखडत बसली होती. नवऱ्याचं तोंड पाहून तिचं सूप थांबलं. काय झालं विचारलं तर ते म्हणाले, काही नाही, ऊन लागलं. आणि दर दोन मिनिटांनी फोन लावत अंगणात येरझारा घालू लागले. चाळीस वर्षांच्या संसारात ऊन लागलेला माणूस येरझारा घालताना तिनं पाहिला नव्हता. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि नुसती बघत राहिली.

साडेबाराला फोन लागला. समताचा आवाज तुटत तुटत येत होता, आणि मागं इंजिनाची धडधड.

“बाबा, बरं झालं फोन केला. बोटीत पाणी येऊन राह्यलं. खालच्या फळ्या तरंगू लागल्या. पंप चालू हाय पण पुरून नाई राह्यला.”

इंद्रभाननी पाण्याच्या टाकीच्या कठड्याला हात टेकला. कुठून येतंय, त्यांनी विचारलं. तेच सापडत नाही, ती म्हणाली. खारट आहे, म्हणजे बाहेरचंच. देवानंद पुढच्या संडासाचे नळ तपासतोय, तिनं इंजिनाच्या पाण्याच्या नळ्या पाहिल्या. जवळपासच्या मच्छीमार बोटींना रेडिओवर सांगितलंय, एक ट्रॉलर निघालाय, पण तो दोन तास लांब आहे.

“मागं पाह्यलं का?” इंद्रभान म्हणाले.

“मागं कोरडं हाय, बाबा. निघताना पाह्यलं होतं. आन आता बाकाखाली गच्च सामान भरलं हाय, सारं काढाले अर्धा तास लागते. तिथून नाई येऊ शकत.”

हीच ती वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी तो नट आवळला, बाई, त्याच्यात दोरी जळाली असेल. पण ते वाक्य त्यांनी बोलून दाखवलं नाही. पलीकडे देवानंद असणार, स्पीकर चालू असणार. न विचारता जावयाच्या बोटीला हात लावणारा सासरा. ते म्हणाले, “तरी बी एक डाव मागं पाह्य.” काऊन, असं तिनं विचारलं. “असंच,” ते म्हणाले, आणि फोन तुटला.

पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

इंद्रभान टाकीच्या कडेला खाली बसले. त्यांना स्वतःचीच शिसारी आली. पोरगी बुडतेय आणि आपण आपलं तोंड वाचवतोय, हे त्यांना त्या क्षणी स्पष्ट दिसलं. बनाबाई जवळ येऊन उभी राहिली. तिला एवढंच कळलं होतं की बोटीत पाणी आहे. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती रडली नाही. मागं काय आहे, तिनं विचारलं. तेव्हा त्यांनी मान वर न करता सगळं सांगितलं. टप् टप् आवाज, पाने, सव्वादोन फेरे, अन्नपूर्णाबाईंचा शाफ्ट.

ती चिडेल, कपाळ बडवून घेईल, असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरंच वाटलं असतं.

“मंग तिले काऊन नाई सांगतलं?” एवढंच ती म्हणाली.

तिनं त्यांच्या दंडाला धरून उठवलं. फोनवर बोलता येत नसेल तर आवाज भरून पाठवता येतो ना, तिनं विचारलं. सिग्नल आला की जाईल ना आपोआप? त्यांनी मान डोलावली. पण नट सापडल्यावर पोरीनं करायचं काय, ते त्यांना तरी ठाऊक होतं का? नव्हतं. ते फक्त रामरावांना ठाऊक होतं. बनाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि निघालीच. इंद्रभान तिच्या मागं.

दुकानात आता चांगली पाचसहा माणसं जमली होती. अन्नपूर्णाबाई होत्या, सोसायटीचे दोघं होते, एक स्प्रे पंपवाला होता. यांतल्या प्रत्येकानं जहाजाची गोष्ट निदान दोनदा ऐकलेली. इंद्रभानना पाहून कोणीतरी ‘या कप्तान’ म्हणालं. इंद्रभान थेट रामरावांसमोर जाऊन उभे राहिले.

“रामराव, मी पोरीच्या बोटीचा नट आवळला तो असाच आवळला. या बाईच्या पंपावानी. कालपासून चालू हाय. आता बोटीत पानी भरून राह्यलं.”

‘कप्तान’ म्हणणारा खाली बघू लागला. रामरावांनी वायंडिंगचं मशीन बंद केलं, हात पुसले आणि एकही फालतू प्रश्न न विचारता विचारलं, इंजिन चालू आहे की बंद. चालू, इंद्रभान म्हणाले, मगाशी धडधड ऐकू आली. ते आधी बंद, रामराव म्हणाले. शाफ्ट फिरला की भोक मोठं होत जातं. बोट आपण आयुष्यात पाहिली नाही, असं त्यांनी कबूल केलं. पण शाफ्ट तो शाफ्ट, नट तो नट. नवी दोरी नसेल तर कोणतंही सुती कापड चालेल, ग्रीस चोपडून पिळायचं. पण ते आत घालायला नट आधी पूर्ण सोडावा लागेल.

“सोडला तं सारा समुद्र आत येईन,” इंद्रभान म्हणाले.

“येईन. धार लागन. दोन मिन्टं, तीन मिन्टं. हात चालला पाह्यजे. नाई सोडला तं आत काई भरताच येत नाई, दादा.”

इंद्रभाननी फोन तोंडासमोर धरला. आवाज भरायचं बटण त्यांच्या बोटाखालून दोनदा सुटलं. बनाबाईनं त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवून ते दाबून धरलं. सगळं दुकान ऐकत होतं.

“समता, बाबा बोलतो. ध्यान देऊन ऐक. मागचा नट मी आवळला. तुम्ही बाजारात गेल्ते तवा. दोरी नाई टाकली, फक्त आवळला, लय आवळला. पानी तिथूनच येऊन राह्यलं. इंजन बंद कर, गिअरात टाकून ठेव म्हंजे शाफ्ट फिरनार नाई. सुती कपड्याची दोरी पिळ, ग्रीस लाव, हाताशी ठेव. मंग नट पुरा सोड. पानी धारेनं येईन, तरी भिऊ नको. देवानंदले हातपंपावर बसव. दोरी शाफ्टभवती गुंडाळून आत दाब, नट बसव, हातानंच आवळ. पान्यानं नको. थोडं ठिबकलं तं ठिबकू दे.” एवढं बोलून ते थांबले. बनाबाईचं बोट अजून दाबलेलंच होतं. “मगाशी सांगाले पाह्यजे होतं. मले लाज वाटली,” ते म्हणाले.

मेसेज गेला. त्याच्यापुढं एक बारीकशी खूण उमटली. एकच. दुसरी उमटेल तेव्हा तो समताच्या फोनवर पोचलेला असेल, हे बनाबाईलाही ठाऊक होतं. रोज सकाळी ‘जय भीम’ पाठवून ती त्या दुसऱ्या खुणेची वाट बघायची.

एक वाजला. सव्वा वाजला. कोणी घरी गेलं नाही. रामरावांनी फोन चार्जिंगला लावला आणि सगळ्यांना दिसेल असा फळीवर उभा करून ठेवला. अन्नपूर्णाबाईंनी बनाबाईला आपल्या शेजारी बसवून घेतलं. आपला पंप दुरुस्त करायचा राहिलाय हे त्या विसरून गेल्या, किंवा विसरल्यासारखं केलं. इंद्रभान स्टुलावर बसले नाहीत. ते दारात उभे राहून कोरड्या रस्त्याकडे बघत होते, आणि त्यांना त्या रस्त्यावरून पाणी येताना दिसत होतं. बाकाची फळी, तिच्याखाली काळं पाणी, त्यात गुडघाभर उभी असलेली समता. लहानपणी ती आगारात डबा घेऊन यायची आणि गाडीखाली त्यांच्या शेजारी येऊन झोपायची, वर बोट दाखवून हे काय, ते काय विचारायची. तिला पाना धरायला त्यांनीच शिकवलं होतं. तिच्या आईला हे कधी आवडलं नव्हतं.

एक वाजून चाळीस मिनिटांनी स्प्रे पंपवाला म्हणाला, “पोचला.” सगळे फळीकडे वळले. दोन खुणा होत्या. थोड्या वेळानं त्या निळ्या झाल्या. तिनं उघडला होता. इंद्रभाननी लगेच फोन लावला, पण पुन्हा संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

आता खरी भीती सुरू झाली. तोवर निदान एवढं तरी होतं, की तिला काही माहीत नाही. आता ती त्या बाकाखालचं सामान बाहेर फेकत असेल. आता इंजिन बंद. आता कापड पिळतेय. आता नट सोडतेय, बापानं सोडायला सांगितला म्हणून सोडतेय. इंद्रभान मनातल्या मनात तिचे हात चालवत होते. दोन मिनिटं झाली, पाच झाली, वीस झाली. नट हातातून निसटला असेल तर? दोरी बाहेर फेकली गेली असेल तर? अठरा दिवसांपूर्वी नट आवळला तो चुकून. आज सोडायला लावला तो जाणूनबुजून. आज काही झालं तर ते चुकून झालेलं नसेल, ही गोष्ट त्यांच्या काळजात रुतून बसली होती. त्यांनी रामरावांना दोनदा विचारलं, दुसरा काही उपाय होता का. रामराव दोन्ही वेळा नाही म्हणाले, पण दुसऱ्या वेळेस जरा थांबून.

तीन वाजता बनाबाई उठली. भिंतीकडे तोंड करून, हात जोडून ती पुटपुटायला लागली. बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हणत होती, पण मधेच शब्द विसरायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. इंद्रभानना वाटलं आपणही म्हणावं. पण ते दारातच उभे राहिले. कोणीतरी चहा आणला. तो तसाच निवला.

चारच्या पुढं फोन वाजला. रामरावांनी तो उचलून इंद्रभानच्या हातात दिला, पण त्यांच्याच्यानं बटण दाबवेना. बनाबाईनं दाबलं, स्पीकर लावला. मागं इंजिनाचा आवाज नव्हता. वाऱ्याचा होता, आणि शीड फडफडल्याचा.

“बाबा, थांबलं,” समता म्हणाली.

अन्नपूर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. बनाबाई मटकन खाली बसली आणि आता मात्र रडली. समता धापा टाकत सांगत होती. सुती दोरी नव्हती, तिनं फरशी पुसायच्या मॉपचे धागे कापून पिळले. नट सोडल्यावर पाणी इतकं आलं की हात दिसेना. पहिल्यांदा दोरी बाहेर आली, दुसऱ्यांदा बसली. पाणी बरंचसं उपसून झालंय. दुपारचा वारा सुटलाय, शिडावर चाललोय, ट्रॉलर शेजारनं सोबत करतोय, समोर बंदर दिसतंय. बनाबाईनं रडता रडता विचारलं, पोटात काही आहे का. नाही, ती म्हणाली, आत्ता कुठं चहा ठेवतेय.

इंद्रभाननी फोन तोंडाजवळ घेतला. माफी मागायचं त्यांनी ठरवलं होतं, पण निघालं भलतंच. मगाशी तू मागं का पाहिलं नाहीस, असं त्यांनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांना वाटलं की जीभ झडली असती तर बरं.

समतानं सरळ सांगून टाकलं.

“तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मले दिसलं, बाबा. नट पुसून चकचकीत केला होता. असं दुसरं कोन करते? मले वाटलं, तुम्ही दोरी नवीन टाकली असन. तुम्ही सांगतलं नाई, म्हनून मी बी काई बोलली नाई.” तिचा आवाज जरा बदलला. “आज आम्ही सारी बोट उलथीपालथी केली. तेवढी एकच जागा नाई पाह्यली. तिथं तुमचा हात लागला होता.”

इंद्रभानना दुपारभर वाटली नव्हती एवढी भीती आत्ता वाटली. पाणी थांबलं होतं, वारा होता, बंदर समोर होतं, आणि तरी. आपल्या हातावर कोणी इतका भरवसा टाकून समुद्रात गेलं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते स्टुलावर बसले.

मग फोनवर देवानंद आला. शांत मुलगा, कधी आवाज चढवणारा नाही. तब्येतीची चौकशी केली, मामींना, म्हणजे बनाबाईला, रडू नका म्हणा, म्हणाला. मग जरा घुटमळला.

“मामाजी, एक इचारू? राग मानू नका. तुम्ही पाच दिवस होते बोटीवर. आनखी कुठं हात लावला होता का?”

इंद्रभाननी वर पाहिलं. रामराव होते, अन्नपूर्णाबाई होत्या, खाली बसलेली बनाबाई होती आणि ती त्यांच्याकडेच बघत होती. नाही म्हणता आलं असतं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

“हाव,” ते म्हणाले. “लिहून घ्या. पयलं म्हंजे गॅसच्या नळीचं क्लिप.”

मग देवानंद फोनपासून तोंड वळवून म्हणाला, “समता, चहा राहू दे. आधी गॅस बंद कर.”